विंडोजवरून मॅकबुक प्रोवर : अक्षरजुळणीच्या टेबलावरचे पहिले बारा दिवस

खिळेघर

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकांची कामं अंगावर यायच्या आत लॅपटॉप बदलावा का, असं मी गेल्या महिन्यात इथेच विचारलं होतं. तेव्हा ज्यांनी वेळ काढून उत्तरं दिली त्यांचं मी देणं लागते, म्हणून हा धागा. मशीन जुलै २०२५मध्ये घेतलं, ते घरी येऊन आज बारा दिवस झाले.

मी कोल्हापुरात अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी करते. २००३ साली पेजमेकरवर हात बसला, आता सगळं इनडिझाइनवर. इतकी वर्षं विंडोजच. शेवटचा लॅपटॉप महागातला होता, साडेपाच वर्षं वापरला. मार्चमध्ये त्याची बिजागरी निखळली. सर्व्हिस सेंटरने एकोणीस दिवस ठेवून घेतला आणि परत दिला तेव्हा स्क्रीनच्या डाव्या कडेला पिवळट पट्टा होता. ज्या स्क्रीनवर मुखपृष्ठाचा रंग ठरवायचा तिच्यावर पट्टा असून कसं चालेल? कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्याआधीची पाच वर्षं त्या मशीनने मला इमानाने साथ दिली.

नवं घेतलं ते मॅकबुक प्रो, १४ इंची, एम४ प्रो चिप, २४ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. किंमत १,९९,९०० रुपये. इतकी मोठी रक्कम मी आजवर एका यंत्रावर कधीच घातली नव्हती. म्हणून दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर माझी तीन पानं घेऊन गेले: कवितासंग्रहातलं एक, तळटिपांनी भरलेलं, नऊ पॉइंटाच्या बारीक अक्षरातलं एक आणि एक मुखपृष्ठ. तिथले डेमोचे व्हिडिओ बाजूला ठेवून ही पानं उघडायला लावली. निर्णय तिथेच झाला.

काय दिसलं ते नीट सांगते, कारण मराठी वाचणाऱ्याला ते लगेच कळेल. ‘सर्वांत’, ‘वर्षांनी’, ‘मार्गांवर’ असे शब्द घ्या. रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या डोक्यावर. माझ्या जुन्या स्क्रीनवर नऊ पॉइंटात तिथे एक काळा ठिपका दिसायचा. टिंब आहे की नाही याची खात्री करायला दर वेळी पान मोठं करायचं, बघायचं, परत लहान करायचं. ‘सर्वात’ आणि ‘सर्वांत’ यांत अर्थाचा फरक आहे, त्यामुळे ते टाळताही येत नाही. इथे शंभर टक्क्यांवरच रफाराची कमान वेगळी आणि टिंब वेगळं. स्क्रीन ३०२४ बाय १९६४ पिक्सेलची, म्हणजे एका इंचात २५४ पिक्सेल. माझ्या दृष्टीने त्या आकड्याचा अर्थ एवढाच की संध्याकाळी डोळे दुखत नाहीत. बारा दिवसांत एकदाही डोळ्यांवर ओला रुमाल ठेवलेला नाही.

याच स्क्रीनची दुसरी बाजूही सांगते. मागचा उजेड छोट्या छोट्या भागांत लागतो, मिनी-एलईडी म्हणतात ती पद्धत. अंधाऱ्या खोलीत काळ्या पानावर पांढरं ठळक शीर्षक ठेवलं तर अक्षरांभोवती मंद प्रभा दिसते. पांढऱ्या कागदाच्या कामात ती जाणवतच नाही.

आता टायपिंग. मी इनस्क्रिप्टवाली, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या ठरलेल्या कळफलकावर टाइप करणारी. पहिल्या दिवशी छातीत धडधड होती ती याचीच. सेटिंगमध्ये जाऊन देवनागरी कळफलक जोडला, डोळे मिटून ‘ज्ञानेश्वर’ टाइप केलं आणि बोटं चुकली नाहीत. अक्षरं जिथल्या तिथे आहेत. शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅश: ‘ऱ्य’ सरळ आला. ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’, सगळे शब्द एकामागून एक लिहून पाहिले. जिवात जीव आला.

एक गोष्ट तर मला फारच आवडली. कॅप्स लॉकची कळ भाषा बदलण्यासाठी लावता येते. एकदा दाबली की इंग्रजी, पुन्हा दाबली की मराठी. मोठी इंग्रजी अक्षरं हवी असतील तर तीच कळ जरा वेळ दाबून धरायची. कॉपीराइटचं पान, आयएसबीएन, ईमेलचे पत्ते यांत मी दिवसातून दोनेकशे वेळा तरी भाषा बदलत असेन. विंडोजवर दोन कळा एकत्र दाबाव्या लागायच्या, आता करंगळी आपोआप जाते.

बाकी सवयी मात्र मोडाव्या लागल्या. कंट्रोलच्या जागी कमांड, म्हणजे करंगळीचं काम अंगठ्याकडे. होम आणि एंडच्या कळाच नाहीत, ओळीच्या टोकाला जायला कमांड आणि बाण. फाइल निवडून एंटर दाबलं की ती उघडत नाही, तिचं नाव बदलायला घेते. खिडकीचं लाल बटण दाबलं तरी बरेचसे प्रोग्रॅम मागे चालूच राहतात. फाइल ‘कट’ करायची असेल तर आधी कॉपी आणि मग ऑप्शन-कमांड-व्ही. चार दिवस हात अडखळले, पाचव्या दिवसापासून कमी झालं.

ट्रॅकपॅडबद्दल दोन ओळी. मशीन पूर्ण बंद असताना दाबून पाहा: पाटीवर बोट दाबावं तसा, कणभरही हलत नाही. चालू केलं की स्पष्ट ‘टक्’ लागतं. आत दाब मोजून थरथर दिली जाते आणि बोटाला वाटतं बटण दाबलं गेलं. कुठल्याही कोपऱ्यात दाबा, सारखंच. मी दहा वर्षं माउसशिवाय कामाला बसले नव्हते. परवा आख्खा फॉर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, माउस न जोडता लावला.

आणि आता जे अडलं ते. माझ्या सगळ्या जुन्या हार्ड डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने तयार केलेल्या. मॅक त्या वाचतो, त्यांवर लिहीत नाही. ज्यांना हे माहीत नसेल त्यांनी घेण्याआधीच एक मोकळी डिस्क दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीत तयार ठेवावी. मंगल आणि निर्मला हे विंडोजबरोबर येणारे फाँट इथे नाहीत, आणि लेखकांच्या निम्म्या वर्ड फाइली त्यांतच असतात. मजकूर दिसतो, पण दुसऱ्या फाँटमध्ये, आणि पानांची संख्या बदलते. माझी पुस्तकं मी यशोमुद्रा किंवा टिरो देवनागरी मराठीमध्ये लावते, ते दोन्ही दोन मिनिटांत बसले. पाकळीचा ल आणि देठाचा श जसाच्या तसा. २००९च्या शासन निर्णयात ल आणि श यांचं हे मराठी वळण सांगितलं आहे आणि माझे दोन प्रकाशक त्याबाबत फार काटेकोर आहेत.

सगळ्यात मोठी अडचण जुन्या फाइलींची. २०१२च्या आधीची माझी साठेक पुस्तकं युनिकोडपूर्व फाँटांत आहेत, म्हणजे अक्षरं साठवायची आजची सर्वत्र चालणारी पद्धत रुळण्याआधीच्या. ती ज्यात केली ते लिपी सॉफ्टवेअर विंडोजचं आणि यूएसबीला डाँगल, म्हणजे परवान्याची छोटी चावी, लावल्याशिवाय उघडत नाही. मॅकवर पॅरलल्स हा मॅकच्या आत विंडोज चालवणारा प्रोग्रॅम घालून त्यात विंडोज ११ चालवलं, ते छान चालतं. सॉफ्टवेअर बसलंही. पण डाँगल ओळखत नाही. दोन रात्री त्यात गेल्या. कुणाला काही सुचत असेल तर कृपया सांगा. त्यातल्या एका कवितासंग्रहाची नवी आवृत्ती डिसेंबरात द्यायचा शब्द मी दिला आहे.

दुपारतिठा

मनापासून अभिनंदन, ताई. ‘सर्वांत’चं उदाहरण वाचून लगेच माझ्या स्क्रीनवर टाइप करून पाहिलं. खरंच ठिपकाच दिसतो.

एक शंका. घरी २४ इंची साधा फुल एचडी मॉनिटर आहे. मॅक घेऊन त्याला जोडला तर चालेल ना? भाच्याच्या मॅकला जोडून पाहिला तेव्हा अक्षरं पुसट वाटली. केबल खराब असेल का?

उंबरठा

@दुपारतिठा, केबलचा दोष नाही. विंडोजमध्ये क्लिअरटाइप नावाची सोय आहे. ती पिक्सेलमधले लाल, हिरवा, निळा हे तिन्ही भाग वेगवेगळे वापरून अक्षराची कड रेखीव करते. मॅकनेही पूर्वी तसंच केलं होतं, पण २०१८च्या मोहावे आवृत्तीपासून ते सोडून दिलं. दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर त्याची गरज पडत नाही. २४ इंची फुल एचडीवर मात्र इंचाला जेमतेम ९२ पिक्सेल येतात, त्यामुळे तिथे अक्षर जाड आणि मऊ दिसतं. देवनागरीत शिरोरेघेमुळे ते आणखी डोळ्यांत भरतं. मॅकला जोडायचाच तर ४के मॉनिटर घ्या. नाहीतर आहे त्या मॉनिटरवर फक्त चित्रं, ईमेल वगैरे ठेवा आणि मजकूर लॅपटॉपवरच वाचा.

@खिळेघर, तुमच्या डाँगलचं कारण मला माहीत आहे आणि बातमी चांगली नाही. एम मालिकेच्या मॅकवर जे विंडोज चालतं ते एआरएम या वेगळ्या बांधणीच्या चिपसाठीचं विंडोज. जुन्या इंटेल पद्धतीचे प्रोग्रॅम ते भाषांतर करून चालवतं, म्हणूनच तुमचं सॉफ्टवेअर बसलं. पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं उपकरण ओळखून चालवणारा प्रोग्रॅम, थेट विंडोजच्या गाभ्यात बसतो, त्याला हे भाषांतर लागू होत नाही. डाँगलचा ड्रायव्हर एआरएमसाठी वेगळा बनवलेला असेल तरच चालेल. तो कंपनीकडे आहे का, एवढं विचारून पाहा. नसेल तर आणखी रात्री घालवू नका.

न्यूजर्सीकर

छान लिहिलंय. पण ताई, घेण्याआधी मला विचारायला हवं होतं! इकडे हेच मॉडेल १,९९९ डॉलरला आहे. मी दर डिसेंबरात साताऱ्याला येतो. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो, गेल्या दोन फेऱ्यांत मी नातेवाइकांसाठी तसेच आणले. पुढच्या वेळी नक्की सांगा, आनंदाने आणेन.

हिशोबनीस

@न्यूजर्सीकर, तुमची भावना फार चांगली आहे, पण खिळेघर यांच्यासारख्या व्यावसायिकाचा हिशोब वेगळा बसतो. मांडूनच दाखवतो.

तुमच्याकडे १,९९९ वर राज्याचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे साधारण २,१३१ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर १ लाख ८१ हजार. इथले १,९९,९०० हे १८ टक्के जीएसटी धरून आहेत, त्यात कराचा भाग ३०,४९३ रुपये. जीएसटी नोंदणी असेल आणि बिलावर स्वतःचा क्रमांक घातला असेल तर तेवढं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून ती रक्कम वजा होते. उरले १,६९,४०७. म्हणजे इथलंच स्वस्त. शिवाय संगणकाला ४० टक्के घसारा आहे, म्हणजे किमतीचा तेवढा भाग करपात्र उत्पन्नातून वजा होतो. जुलैत घेतल्यामुळे वर्षात १८० दिवसांहून जास्त वापर होणार, तेव्हा पहिल्याच वर्षी पूर्ण ४० टक्के, म्हणजे ६७ हजारांच्या वर. क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा धरता येत नाही, म्हणून १,६९,४०७ वरच मोजला आहे. अनुमानित करपद्धतीत, म्हणजे जमेच्या ठरावीक टक्क्याला नफा धरून, विवरणपत्र भरत असाल तर घसारा वेगळा मिळणार नाही.

ताई, बिलावर क्रमांक घातलात ना? राहिला असेल तर आत्ताच दुकानात जाऊन दुरुस्त करून घ्या, नंतर फार त्रास होतो.

पाणपोई

माझा प्रवास उलटा झाला, म्हणून लिहितो. मी भाषांतरकार. सात वर्षं मॅक वापरून गेल्या वर्षी थिंकपॅड टी१४ या विंडोज लॅपटॉपवर आलो आणि समाधानी आहे. दिवसाला तीन-साडेतीन हजार शब्द टाइप होतात. मॅकची कळ साधारण एक मिलिमीटर खाली जाते, थिंकपॅडची त्याहून खोल. पन्नाशीनंतर बोटांच्या सांध्यांना तो फरक कळतो, निदान मला कळला. होम, एंड, डिलीट या कळा स्वतंत्र हव्यात हाही माझा आग्रह. आणि २०२४च्या इंटेलवाल्या टी१४ मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, स्वतः स्क्रू काढून १६ची ३२ केली. मॅकमध्ये रॅम चिपबरोबरच बसलेली असते, घेताना जी घ्याल तीच शेवटपर्यंत.

तुमच्या कामाला स्क्रीन महत्त्वाची, माझ्या कामाला कळफलक. पण इथे वाचून कुणी ठरवणार असेल तर त्याने आधी पाहावं की दिवसभर आपलं काय जास्त दमतं, डोळे की बोटं. आणि डाँगल, सरकारी कामाच्या डिजिटल सह्यांची यूएसबी टोकनं, विंडोजवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर यांतलं काही रोज लागत असेल तर उंबरठा यांनी लिहिलंय ते दोनदा वाचावं.

कळफलक

‘ऱ्य’ बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, खिळेघर यांनी केला तसा: नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका प्रकारे लिहिलेला ‘दुसऱ्या’ शोधलात तर दुसऱ्या प्रकारचा सापडणार नाही. शब्दसूची करताना एकच शब्द दोनदा येतो. आणि तो जोडक ईमेलमधून, व्हॉट्सॲपवरून किंवा जुन्या रूपांतरकातून येताना कधी गळून पडला तर ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, मग मुद्रितशोधकाला एकेक हाताने दुरुस्त करत बसावं लागतं. मी एका कादंबरीत असे चारशेच्या वर दुरुस्त केले आहेत.

इनडिझाइनमध्ये ग्रेपचा, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन करायचा, शोध लावून हे एका फटक्यात होतं: र, हलन्त, जोडक हा क्रम शोधायचा आणि त्याच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त ठेवायचा. लेखकाची फाइल उघडल्याबरोबर पहिलं काम हेच. मॅक असो की विंडोज, फरक नाही.

आणि हो, परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी इनडिझाइनची सोय, लावलाय ना? नव्या मशीनवर नवी फाइल करताना तो राहून जातो आणि मग ‘कि’ची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते.

रानमेवा

इतकं वाचून फार उपयोग झाला. मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी साहित्य. लिहिणं, वाचणं, थोडं ध्वनिमुद्रण. तिला प्रो घ्यायलाच हवा का?

उंबरठा

@रानमेवा, अजिबात नको. एम४ वाला मॅकबुक एअर १३ इंची ९९,९०० पासून आहे (२०२५ची किंमत), १६ जीबी रॅमसह. पंखाच नसल्यामुळे ध्वनिमुद्रणात आवाज येत नाही. ‘सर्वांत’चं टिंब त्याच्यावरही स्वच्छ दिसेल. उरलेल्या पैशांत चांगला मायक्रोफोन घेऊन द्या.

खिळेघर

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, दरम्यान दोन पुस्तकं छापायला गेली.

@हिशोबनीस, क्रमांक घातलेला होता, पण तुमचं वाचून पुन्हा बिल काढून पाहिलं. एक अंक चुकला होता! दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन नवं बिल घेतलं. तुम्ही लिहिलं नसतं तर माझे तीस हजार अडकले असते.

@कळफलक, कंपोझर लावलेला आहे. तुमचा शोध चार हस्तलिखितांवर चालवला. एकात दोन्ही तऱ्हेचे ‘ऱ्य’ मिसळलेले निघाले, लेखकाने अर्धं फोनवर आणि अर्धं संगणकावर लिहिलं होतं. सूचीत ‘कऱ्हाड’सारखी गावांची नावं दोनदोनदा का येत होती याचा उलगडा झाला.

@पाणपोई, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. पहिल्या आठवड्यात मलाही कळा उथळ वाटल्या. लांबलचक मजकूर टाइप करायचा असतो तेव्हा आता मी जुना यूएसबी कळफलक जोडते आणि मांडणीला बसले की काढून ठेवते.

डाँगलसाठी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. एआरएमचा ड्रायव्हर नाही, बनवायचा विचारही नाही, असं स्पष्ट उत्तर मिळालं. वाईट वाटलं. माझ्या आयुष्यातली दहा वर्षांची कामं त्या एका छोट्या यूएसबीच्या मागे आहेत. पण मग जुना लॅपटॉप विकायचा बेत रद्द केला. पिवळ्या पट्ट्यासकट तो आता कपाटाशेजारच्या टेबलावर असतो, डाँगल कायमचं लावून. रोज रात्री जेवणानंतर त्यावर एक पुस्तक उघडते, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेते आणि एक्सफॅटच्या डिस्कवरून मॅकवर आणते. मग मूळ छापील प्रत शेजारी ठेवून वाचायचं. रूपांतरात ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘ह्म’ ही जोडाक्षरं ठरावीक जागी बिघडतात, त्यांची यादी केली आहे. ऱ्हस्व वेलांटी कधी कधी एक अक्षर पुढे सरकते, ती मात्र डोळ्यांनीच पकडावी लागते. त्या कामाला ही स्क्रीन फार उपयोगी पडते आहे.

साठांपैकी सात झाली. डिसेंबरात द्यायचा तो कवितासंग्रह त्यांत पहिला घेतला होता. त्याच्या कवींना काल संध्याकाळी घरी बोलावून पानं दाखवली. वय ८१. त्यांनी चष्मा काढून ठेवला, स्क्रीनच्या अगदी जवळ वाकून पहिली कविता पूर्ण वाचली आणि तिसऱ्या ओळीत आधीच्या आवृत्तीत सुटलेला अनुस्वार दाखवला. तो घातला.

परवा पाऊस लागला तेव्हा दुपारी दोन ते सात वीज नव्हती. चार्जर न लावता दोन फॉर्मे तपासून झाले, शेवटी बॅटरी ५८ टक्के होती.

जोडाक्षरांची यादी ज्यांना हवी असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप करावा, पाठवते. सोमवारपासून पहिल्या दिवाळी अंकाचा मजकूर येतोय, तेव्हा इथे येणं ऑक्टोबरपर्यंत कमी होईल.